हिवाळ्यात ‘पूल गार आहे’ ही तक्रार: मोठा हिटर घेण्याआधी काय तपासावं

नाताळच्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंत इंदूरच्या आसपासच्या रिसॉर्टांत एक तक्रार ठरलेली असते. महू रोड घ्या, खंडवा रोडवरचं सिमरोळ घ्या, नाहीतर पुढचं चोरलचं खोरं. दुपारी चेक-इन केलेलं कुटुंब चहा आटोपून पूलवर येतं. मुलं उडी मारतात, थोड्याच वेळात कुडकुडत बाहेर येतात, आणि वडील रिसेप्शनवर विचारतात, “अहो, तुमच्या वेबसाइटवर हीटेड पूल लिहिलंय ना?” मॅनेजर पंप रूमला फोन लावतो. तिथला मुलगा हिटरचा आकडा ३० वर नेतो. पाहुणे रविवारी निघून जातात, महिन्याचं वीजबिल येतं, मालक हिटर बंद करायला सांगतात. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच सुरू.

मी याच पट्ट्यात स्विमिंग पूलच्या देखभालीचं काम करतो. माझं म्हणणं असं की बहुतेक ठिकाणी दोष हिटरच्या ताकदीत नसतो. दिवसभर पाण्यात साठवलेली ऊब रात्री उघड्या पृष्ठभागावरून निघून जाते आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. ती वाट बंद केल्याशिवाय दुप्पट हिटर बसवला तरी तक्रार येणार, फक्त बिल दुप्पट होईल. म्हणून खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने करून बघा.

आधी पाणी मोजा, तेही बरोबर जागी

पाहुण्याला २६ अंशांचं पाणी गार वाटू शकतं आणि तेवढंच पाणी शर्यतीच्या पोहणाऱ्याला उत्तम असतं. स्पर्धांच्या पूलसाठी २५ ते २८ अंश सेल्सिअस ही मर्यादा आहे. सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला, जे पोहण्यापेक्षा पाण्यात उभं राहतं, २८ ते ३० लागतात. लहान मुलं आणि आजी-आजोबांना ३० ते ३२ बरे. आणि आपल्याकडे जानेवारीत, न तापवलेल्या उघड्या पूलचं पाणी सकाळी १६ ते १८ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे पाहुण्याची अपेक्षा आणि प्रत्यक्ष पाणी यांत दहा-बारा अंशांची दरी आहे. ती हिटरच्या बटणाने एका दुपारीत भरून निघत नाही.

हिटरच्या पट्टीवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. हीट पंपाचा, म्हणजे हवेतली उष्णता पाण्यात सोडणाऱ्या हिटरचा, सेन्सर पाण्याच्या पाइपमध्ये असतो. फिल्टरचा पंप बंद असेल तर तो पाइपात साचलेल्या पाण्याचं तापमान दाखवतो, पूलचं नाही. साधा थर्मामीटर घ्या, दोरीने कोपरभर खोल सोडा, आणि उथळ बाजू, खोल बाजू, मध्यभाग अशा तीन जागी मोजा. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला, रोज त्याच वेळी. रजिस्टरमध्ये शेजारी लिहा: रात्री कव्हर होतं की नाही, वारा होता का, आकाश निरभ्र होतं का.

आठवडाभराच्या नोंदी वाचल्या की आजार बहुधा कळतो. संध्याकाळी २७ आणि सकाळी २३ दिसत असतील तर ऊब रात्री जाते आहे. दोन्ही वेळा २२ च्या आसपास अडकलं असेल तर एकतर ऊन पोचत नाही किंवा हिटर काम करत नाही. उथळ आणि खोल बाजूत दोन-तीन अंशांचा फरक असेल तर पाणी नीट फिरत नाही. गरम पाणी वरच राहतं आणि पाहुणा सांगतो, “वर बरं वाटतं हो, पाय मात्र गारठतात.” अशा वेळी परत येणाऱ्या पाण्याच्या नोझलचं तोंड थोडं खाली वळवलं की बरंच काम होतं. त्यासाठी हिटरला हात लावायची गरज नसते.

रात्री काय होतं

आता आकड्यांत बघू, कारण मालकांशी बोलताना हेच उपयोगी पडतात.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल पूल घ्या. त्यात ६० हजार लिटर पाणी. ते एक अंश तापवायला साधारण ७० युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) उष्णता लागते. दुसरीकडे, एक लिटर पाण्याची वाफ होताना ते जवळजवळ ०.६८ युनिट उष्णता सोबत घेऊन जातं. रात्रीत पाण्याची पातळी ५ मिलिमीटर उतरली, तर एवढ्या पूलमधून २५० लिटर पाणी उडालं. म्हणजे १७० युनिट उष्णता गेली, म्हणजे पूल जवळजवळ अडीच अंश गार झाला. ही नुसती बाष्पीभवनाची गोष्ट. निरभ्र आकाशाकडे आणि गार हवेकडे जाणारी ऊब यात धरलेली नाही. उघड्या पूलच्या एकूण उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के बाष्पीभवनातून जाते, जमिनीत फार थोडी मुरते. पूलच्या तळाला उष्णतारोधक थर द्यायचा सल्ला कुणी देत असेल तर तो खर्च पुढे ढकला.

पाणी गरम, हवा गार आणि कोरडी, वर वारा: उबेला पळून जायला याहून सोपी परिस्थिती नाही. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा पावसाळी हवेचा पट्टा, सरकून गेला की माळव्यात आकाश स्वच्छ होतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि पारा घसरतो. सकाळी पूलवर धुक्यासारखी वाफ दिसते. पाहुणे मोबाइल काढून फोटो घेतात. ती वाफ म्हणजे आदल्या दिवसाची वीज आहे. चोरलसारख्या खोऱ्यातल्या रिसॉर्टांना हे जास्त भोगावं लागतं, कारण रात्री गार हवा उतारावरून खाली येऊन तळाशी साचते. मोबाइलवर इंदूर शहराचं तापमान बघून तुम्ही तिथला अंदाज बांधू नका.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: पाण्यावर तरंगणारी बबल शीट, बुडबुड्यांची बाजू खाली, सूर्य मावळताच अंथरायची. हिटरवरचा खर्च निम्म्याने किंवा त्याहूनही कमी करणारी दुसरी कोणतीही वस्तू मला ठाऊक नाही. तरीही ती बहुतेक ठिकाणी स्टोअरमध्ये घडी करून पडलेली सापडते, आणि कारण प्रत्येक वेळी एकच असतं: ती ओढायला तीन-चार माणसं लागतात आणि रात्री तेवढी नसतात. म्हणून शीटबरोबर रोलर घ्या. रोलर असला की दोन माणसांचं काम होतं आणि ते खरोखर होतं. रोलर नसेल तर शीट दोन-तीन पट्ट्यांत कापून घ्या.

शीटबद्दल एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. बबल शीट ही सुरक्षेची जाळी नाही. लहान मूल तिच्यावर पाय ठेवून आत गेलं तर शीट वरून मिटते आणि मूल दिसत नाही. पूल उघडताना शीट पूर्ण काढायची, अर्धी कधीच ठेवायची नाही, आणि रात्री पूलच्या फाटकाला कुलूप हवंच.

शीट असूनही रात्री तीन-चार अंश जात असतील तर पुढचा संशय धबधब्यावर घ्या. सजावटीचा धबधबा, कारंजं, रेन डान्सचे फवारे, यांत पाणी पातळ होऊन हवेत पडतं आणि झपाट्याने गार होतं. लॉनवर लग्नाचा कार्यक्रम असला की दिव्यांसकट धबधबा रात्रभर चालू राहतो. ओव्हरफ्लो पूलची तीच गत. कडेवरून सतत सांडणारी पाण्याची पातळ चादर आणि बॅलन्सिंग टँकमध्ये (सांडलेलं पाणी झेलणाऱ्या टाकीत) पडणारं पाणी म्हणजे चोवीस तास चालणारा कूलरच. संध्याकाळनंतर ओव्हरफ्लो बंद करा, पातळी कडेच्या खाली येऊ द्या, मग शीट टाका. फिल्टरचे तास दिवसा घ्या.

ऊन खरोखर पाण्यावर पडतं का

हे कागदावर तपासलं जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसंच दक्षिणेला आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात जागा बघायला आलेल्या आर्किटेक्टला सगळा पूल उन्हात दिसतो. २२ डिसेंबरच्या आसपास तोच सूर्य दुपारी बारालाही क्षितिजापासून फक्त ४४ अंश वर असतो. दक्षिणेला ६ मीटर उंच इमारत असेल तर तिची सावली उत्तरेकडे ६ मीटरहून थोडी जास्त पडते, आणि दुपार कलली की आणखी लांबते. पूलच्या दक्षिणेला रेस्टॉरंट, अशोकाची रांग किंवा होर्डिंग असेल तर हिवाळ्याचे दोन महिने अर्ध्या पाण्याला ऊनच मिळत नाही.

सकाळी दहा, दुपारी बारा, अडीच आणि चार वाजता पूलचा फोटो घ्या, एकाच जागेवरून. सावली कुठून येते ते दिसेल. झाडांची छाटणी दिवाळीनंतर लगेच करून घ्या. इमारत हलवता येत नाही, पण बेबी पूलच्या पाण्याला ऊन देणारा कोपरा कोणता आणि आरामखुर्च्या कुठे लावायच्या, हे या चार फोटोंवरून ठरवता येतं.

शनिवारी सकाळी हिटर लावून काही होत नाही

बऱ्याच रिसॉर्टांत सोमवार ते शुक्रवार हिटर बंद असतो आणि शनिवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, सुरू होतो. वरच्याच पूलचं गणित करा. १८ अंशांवरून २८ वर जायला ७०० युनिट उष्णता हवी. २० किलोवॉट उष्णता देणारा हीट पंप तासाला २० युनिट देतो. काहीच गळती नाही असं धरलं तरी ३५ तास लागतील. शनिवारी सकाळी आठला सुरू केलेला पंप रविवारी संध्याकाळी सातला काम पुरं करतो, तेव्हा पाहुणे गाडीत सामान भरून परत निघालेले असतात.

आणि तो २० किलोवॉटचा आकडा माहितीपत्रकात हवा २६ अंश असतानाचा असतो. त्याच पत्रकात खाली १५ अंशांची ओळ असते, तिच्यावरून निर्णय घ्या. पहाटे ८-९ अंशांच्या हवेत पंप त्याहूनही कमी देतो आणि मधूनमधून कॉइलवरचा बर्फ वितळवण्यात वेळ घालवतो. म्हणून हीट पंप दिवसा चालवा, साधारण दहा ते पाच, जेव्हा हवा २४-२५ अंश असते. तेव्हा एक युनिट विजेत चार ते पाच युनिट उष्णता मिळते. दिवसा चालवण्याचा दुसरा फायदा बिलात आहे. २०२३ च्या केंद्रीय वीज ग्राहक नियमांनुसार १० किलोवॉटवरच्या व्यापारी जोडण्यांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लागू करायचे होते आणि त्यात उन्हाच्या तासांचा दर स्वस्त ठेवायचा होता. तुमच्या बिलावर कोणते तास आहेत ते बघून टायमर लावा.

मधल्या दिवसांत पाणी २५-२६ च्या खाली जाऊ देऊ नका. शीट असेल तर हे परवडतं. शीट नसेल तर परवडत नाही, आणि म्हणूनच शीट आधी.

हीट पंपाची जागाही बघा. तो हवेतून उष्णता घेतो आणि गार हवा बाहेर फेकतो. बंद पंप रूममध्ये किंवा भिंतीला चिकटवून ठेवला तर आपणच फेकलेली गार हवा पुन्हा आत ओढतो. मशीन नवं, गॅस बरोबर, तरी पाणी तापत नाही, अशा ठिकाणी आधी हे पाहावं. समोर मोकळी जागा करून दिली की मशीन सुधारतं.

घाईच्या वेळी होणारे उपायही सांगतो, म्हणजे त्यात पैसे जाणार नाहीत. स्वयंपाकघरातल्या बॉयलरचं ६० अंशांचं एक हजार लिटर पाणी ओतलं तर १८ अंशांचा हा पूल एक अंशही चढत नाही, ०.७ च्या आसपास चढतो. गॅसवरचा बॉयलर असेल तर १९ किलोचा एक व्यापारी सिलिंडर जाळून जेमतेम तीन अंश मिळतात. आणि विजेचा रॉड पूलमध्ये सोडणं हा जीवघेणा प्रकार आहे. पाहुणा बाहेर असतानाही नाही, रात्रीही नाही.

बॅकवॉश आणि पाण्याची भर

लग्नाच्या हंगामात पूलशेजारी हळद होते, हळद आणि फुलांच्या पाकळ्या पाण्यात जातात, फिल्टर तुंबतो आणि पंप रूममधली मुलं पंधरा-पंधरा मिनिटं बॅकवॉश चालवतात, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतात. तासाला १५ हजार लिटरच्या पंपाने एवढ्या वेळात पावणेचार हजार लिटर तापलेलं पाणी गटारात जातं. फिल्टरवरच्या काचेत पाणी स्वच्छ दिसलं की थांबा, बहुधा दोन-तीन मिनिटं पुरतात. हळद लावायची जागा पूलपासून लांब ठेवा. पाहुणे ऐकतात, आधी सांगितलं तर.

भर घालायचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून घेऊ नका. ती टाकी रात्रभर गारठलेली असते. खोल बोअरचं पाणी बारा महिने पंचवीस अंशांच्या आसपास असतं, म्हणून हिवाळ्यात ते हाताला कोमट लागतं. भर थेट बोअरवरून दुपारी घाला. रोज बरीच भर घालावी लागत असेल तर गळती तपासा: बादलीत पूलचं पाणी भरून ती पायरीवर ठेवा, बादलीतली आणि पूलची पातळी खडूने आखा, चोवीस तासांनी बघा. पूल बादलीपेक्षा जास्त उतरला तर पाणी कुठेतरी झिरपतंय.

मोठा पूल परवडत नसेल तर

माझं स्पष्ट मत आहे की लहान आणि मध्यम रिसॉर्टांनी हिवाळ्यात मोठा पूल तापवण्याचा हट्ट सोडावा आणि बेबी पूल उत्तम तापवावा. ४ बाय ४ मीटर, ४० सेंटिमीटर खोल पाण्यात फक्त ६,४०० लिटर असतात. दहा अंश चढवायला ७५ युनिट उष्णता लागते, हीट पंपावर ती वीस युनिटांच्या आत विजेत मिळते. अर्थात उथळ पाणी तितक्याच वेगाने गारही होतं. दर चौरस मीटर पृष्ठभागावरून जाणारी ऊब तेवढीच, पण त्याखालचा पाण्याचा साठा मोठ्या पूलच्या एक तृतीयांश. त्यामुळे इथे शीट रोज आणि न चुकता. तापलेल्या उथळ पाण्यात मुलं जास्त आणि क्लोरीन लवकर संपतं, म्हणून मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ दिवसातून दोन-तीनदा मोजा. शीट काढल्यावर अर्धा तास पाणी मोकळं राहू द्या, खाली कोंडलेला वास निघून जातो.

ज्या घरातली दोन मुलं तासभर आनंदाने खेळली, त्या घराची तक्रार मोठ्या पूलबद्दल सहसा येत नाही.

पाण्याबाहेरची थंडी

बऱ्याच तक्रारी पाण्याबद्दल असतात, पण माणूस गारठतो बाहेर आल्यावर. ओल्या अंगावर उत्तरेचा वारा, सावलीतल्या कोटा फरशीवर अनवाणी पाय, टॉवेल रिसेप्शनवर, गरम पाण्याचा शॉवर खोलीत. २८ अंशांचं पाणीही अशा वेळी आठवणीत गार राहतं. टॉवेल पाण्याच्या कडेला ठेवा. चेंजिंग रूममधल्या शॉवरला दिवसभर गरम पाणी हवं, दोनच माणसांना पुरेल असा गीझर नको. फाटकापासून शॉवरपर्यंत काथ्याची पायपुसणी अंथरा. उत्तर आणि ईशान्येच्या बाजूला बांबूची जाळीदार चटई किंवा दाट झुडपांची कड लावा. थोडी हवा आरपार जाऊ देणारा आडोसा पक्क्या भिंतीपेक्षा बरा, कारण भिंतीवरून उडालेला वारा पलीकडे गिरक्या घेतो.

हिवाळ्यात पूलची वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सात ठेवण्यात अर्थ नाही. अकरा ते पाच ठेवा आणि ती बुकिंगच्या वेळीच सांगा.

पाहुण्याला खरं सांगणं

तुमचं पाणी २६ च्या वर जात नसेल तर जाहिरातीत ‘हीटेड पूल’ लिहू नका. ‘टेम्परेचर कंट्रोल्ड’ या शब्दानेही पाहुणा कोमट पाणीच समजतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे, पण त्याहीआधी, थकून सुट्टीला आलेल्या माणसाला आपण फसवलं हे मला पटत नाही. रिसेप्शनवर आणि पूलच्या फाटकावर पाटी लावा: आजचं पाणी किती अंश, कधी मोजलं. फ्रंट ऑफिसच्या मुलीने चेक-इनलाच म्हणावं, “काकू, आज मोठ्या पूलचं पाणी २३ अंश आहे, जरा गार वाटेल. मुलांचा पूल ३० आहे. बारानंतर ऊन येतं, तेव्हा या.” हे ऐकलेलं कुटुंब नंतर क्वचितच चिडतं.

आणि २० अंशांच्या खालच्या पाण्यात उडी मारू देऊ नका. अचानक गार पाण्यात पडल्यावर श्वास एकदम आत ओढला जातो, छातीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. हृदयाचा त्रास असलेल्यांना आणि वयस्कर पाहुण्यांना हे धोक्याचं आहे. पायऱ्यांवरून हळूहळू उतरायला सांगा. मद्य घेतलेल्या वऱ्हाड्यांसाठी रात्री पूल बंद, कुणाचाही आग्रह असला तरी. मूल थरथरायला लागलं की लाइफगार्डने पालकांची वाट न बघता बाहेर बोलवावं, ओले कपडे काढून कोरडं करून गरम काहीतरी प्यायला द्यावं.

हंगामाआधी आणि बंद ठेवायचं असेल तर

इथलं बोअरचं पाणी जड आहे. हिटरच्या गरम भागावर पांढरा थर बसतो आणि वीज खर्च होऊनही उष्णता पाण्यात उतरत नाही. नवरात्राच्या सुमारास एकदा थर काढून घ्या. क्लोरीन सोडणारा भाग पाण्याच्या वाटेत हिटरनंतर हवा. हिटरच्या आधी असेल तर तीव्र क्लोरीन आतल्या धातूला खातं. तांब्याचा हीट एक्स्चेंजर (हिटरमधला पाण्याला उष्णता देणारा भाग) असेल आणि पीएच ७ च्या खाली जात असेल तर पाण्याला हिरवट झाक आणि फरशीवर डाग दिसतील. तो शेवाळाचा प्रकार नाही, त्यावर शेवाळाचं औषध ओतू नका.

जानेवारीत पूल पूर्ण बंद ठेवायचं ठरवलं तरी फिल्टर रोज काही तास चालू ठेवा आणि शीट टाकून ठेवा. पैसे वाचवायला पाणी उपसून टाकू नका. माळव्याची काळी माती पावसाचं पाणी बराच काळ धरून ठेवते. रिकाम्या टाकीवर बाहेरून खालून दाब येतो, टाइल्स सुटतात, तळाला भेगा जातात, आणि मग दुरुस्तीला उन्हाळ्याचा सगळा हंगाम जातो.